तिरक्या वाऱ्यातली गाडी: सीएफडीत बाउंडरी कंडिशन लावताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान सोलापूर परिसरातल्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठी आणि गाडीच्या एअरोडायनॅमिक्सवर हात बसवू पाहणाऱ्यांसाठी आहे. सीएफडी म्हणजे हवेचा प्रवाह संगणकावर सोडवणं. गाडीभोवती हवेचा एक ठोकळा (डोमेन) घेतात, त्याचे बारीक सेल पाडतात (मेश), आणि हवा आत येते तो इनलेट, बाहेर जाते तो आउटलेट, जमीन, चाकं अशा त्याच्या कडांवर ज्या अटी देतात त्या बाउंडरी कंडिशन. समीकरणं सोडवणारा प्रोग्राम म्हणजे सॉल्व्हर. सगळी उदाहरणं एकाच गाडीची आहेत: लांबी ४ मीटर, समोरचं क्षेत्रफळ २.२ चौरस मीटर, चाकाची त्रिज्या ०.३० मीटर, वेग ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २७.७८ मीटर. अक्ष असे धरले आहेत: एक्स गाडीच्या नाकाकडून शेपटीकडे, झेड वर, आणि त्यामुळे वाय आपोआप ड्रायव्हरच्या उजव्या हाताला. उत्तरं ओपनफोम आणि फ्लुएंट या दोन्ही सीएफडी सॉफ्टवेअरना लागू पडतील अशी लिहिली आहेत. जिथे दोघांची तऱ्हा वेगळी आहे, तिथे तसं सांगितलं आहे.

यॉ कोन म्हणजे वाऱ्याचा आणि रस्त्याचा कोन का?

नाही, आणि बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो. गाडी चालू असताना तिला स्वतःच्या वेगाचा समोरचा वारा लागतोच. त्यात खरा वारा मिसळला की जी बेरीज होते, तिचा गाडीच्या अक्षाशी होणारा कोन म्हणजे यॉ कोन. रस्त्याला काटकोनात सेकंदाला ५ मीटर वारा वाहत असेल तर रस्त्याशी त्याचा कोन ९० अंश, पण गाडीला जाणवणारा यॉ कोन फक्त १०.२ अंश (टॅन = ५ ÷ २७.७८). एकत्रित वेग २८.२३ मीटर. हीच गाडी ताशी ६० ने चालली तर तोच वारा १६.७ अंशांचा होतो. वेग कमी केला की कोन वाढतो, पण एकूण वेग घटल्यामुळे बाजूचं बल कमी होतं.

सोलापूरचंच उदाहरण घ्या. पावसाळ्यात पश्चिमेकडून सेकंदाला ८ मीटर वारा आहे असं धरू. सोलापूरहून पुण्याकडे जाताना राष्ट्रीय महामार्ग ६५ ची साधारण दिशा २९४ अंश आहे. वारा २७० अंशांवरून येतो, म्हणजे फरक २४ अंश. समोरचा घटक ७.३ मीटर आणि डावीकडून येणारा आडवा घटक ३.२५ मीटर. यॉ कोन ५.३ अंश. आता तीच गाडी महामार्ग ५२ वरून विजयपूरकडे न्या. दिशा साधारण १९३ अंश, वाऱ्याशी फरक ७७ अंश, आडवा घटक ७.८ मीटर आणि तोही उजवीकडून. यॉ कोन १४.८ अंश. येताना तोच वारा किंचित पाठवारा होतो आणि कोन १६.७ अंशांवर जातो. वारा एकच, गाव एकच, पण पुण्याच्या रस्त्यावर नुसता जाणवणारा वारा विजयपूरच्या रस्त्यावर स्टिअरिंग धरायला लावतो. म्हणून प्रोजेक्टमध्ये नुसतं '१० अंश यॉ' लिहू नका. गाडीचा वेग, वाऱ्याचा वेग आणि वाऱ्याची दिशा तिन्ही लिहा. पुढचं सगळं त्यावर चालतं.

मग इनलेटला नेमके कोणते आकडे द्यायचे?

एकत्रित वेगाचे घटक. १०.२ अंशांच्या उदाहरणात एक्स = २७.७८, वाय = ५.०, झेड = ०. गाडी आणि डोमेन सरळच ठेवायचे, फक्त हवा तिरकी सोडायची. वारा डावीकडून असेल तर वाय धन, उजवीकडून असेल तर ऋण.

अशा मांडणीत डोमेनला दोन इनलेट असतात: समोरचा चेहरा आणि वाऱ्याकडची बाजू. दोन्हींवर हाच, अक्षरशः हाच वेक्टर. मागचा चेहरा आणि आडोशाची बाजू ही दोन आउटलेट. वरच्या चेहऱ्यावर स्लिप किंवा सिमेट्री चालते, कारण वर जाणारा घटक मुळात शून्य आहे.

फ्लुएंट वापरणाऱ्यांनी इथे एक गोष्ट नक्की तपासावी. वेलॉसिटी इनलेट उघडल्यावर वेगाची पद्धत सुरुवातीला 'बाउंडरीला लंब' अशी असते. समोर २८.२३ टाकलं आणि बाजूलाही २८.२३ टाकलं, तर समोरून सरळ हवा येते आणि बाजूने पूर्ण वेगाने आडवी. गाडीला बसतो ४५ अंशांच्या आसपासचा झोत. सॉल्व्हर कुरकुर न करता कन्व्हर्ज होतो (उत्तर स्थिरावतं), रंगीत चित्रही छान येतं, आणि बाजूच्या बलाचा आकडा मात्र कित्येक पट. म्हणून पद्धत बदलून 'घटक' किंवा 'मॅग्निट्यूड आणि दिशा' निवडा.

बाजूच्या भिंतींना सिमेट्री ठेवली तर काय बिघडतं? सरळ वाऱ्याला तर तीच ठेवतो.

सगळं बिघडतं. सिमेट्री किंवा स्लिप म्हणजे त्या चेहऱ्यातून हवा आरपार जाणार नाही. समोरून तिरकी हवा आत आली, पण आडोशाच्या भिंतीतून तिला बाहेर पडता येत नाही आणि वाऱ्याकडच्या भिंतीतून नवी येत नाही. मग ती काही मीटरांत वळून सरळ होते, कॅनॉलच्या काठाला पाणी वळतं तशी. इनलेटवर तुम्ही १० अंश लिहिलेत, गाडीच्या नाकापाशी मात्र एखाद-दोन अंश उरले. रिपोर्टमध्ये 'यॉमुळे फारसा फरक पडत नाही' असा निष्कर्ष दिसला की पहिली शंका इथेच घ्यावी.

गाडी अर्धीच मॉडेल केली तर मेश निम्मा होईल ना?

यॉ असताना नाही. एका बाजूला दाब, दुसऱ्या बाजूला आडोसा. गाडी सममित असली तरी प्रवाह सममित नाही. पूर्ण गाडीच घ्या.

जमिनीचा वेग किती? हवेइतकाच ना?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून थोडं सावकाश.

सरळ वाऱ्यात (खरा वारा शून्य असताना) हवा आणि रस्ता दोन्ही गाडीच्या दृष्टीने एकाच वेगाने मागे जातात. त्यामुळे 'जमिनीला इनलेटचाच वेग' ही सवय लागते आणि तिथे ती चालूनही जाते. तिरक्या वाऱ्यात मात्र ती मोडायला हवी. रस्ता गाडीच्या अक्षावरच मागे पळतो. त्याला आडवा घटक नसतो. म्हणून १०.२ अंशांच्या उदाहरणात हवा (२७.७८, ५.०, ०) आणि रस्ता (२७.७८, ०, ०).

जमिनीलाही (२७.७८, ५.०, ०) दिलं तर त्याचा अर्थ काय होतो? रस्त्याच्या मानाने हवा स्थिर, म्हणजे वारा नाहीच. आणि गाडी रस्त्यावरून खेकड्यासारखी तिरकी घसरत चालली आहे, सेकंदाला ५ मीटर बाजूला. चाकं मात्र सरळ फिरताहेत. असा प्रसंग चिखलात येईल, महामार्गावर नाही. जमीन स्थिर ठेवली तर उलटी चूक होते: इनलेटपासून गाडीपर्यंत जमिनीलगत जाड थर वाढतो आणि गाडीखालचा प्रवाह मरतो.

तपासायला एक सोपी वजाबाकी पुरते. हवेच्या वेक्टरमधून रस्त्याचा वेक्टर वजा करा. उत्तर खऱ्या वाऱ्याइतकंच यायला हवं. इथे (०, ५, ०). समोरचा वाराही असेल तर ही वजाबाकी आणखीच उपयोगी पडते. वरच्या पुण्याच्या रस्त्याच्या उदाहरणात हवा (३५.०८, ३.२५, ०) आहे, पण रस्ता (२७.७८, ०, ०) आणि चाकंही २७.७८ च्याच हिशेबाने. रस्ता नेहमी गाडीच्या स्पीडोमीटरचं ऐकतो, हवेचं नाही.

रस्त्याच्या मानाने हवा आडवी सरकते, म्हणून जमिनीलगत आडव्या घटकाचा एक थर तयार होतोच. इनलेट गाडीच्या २० मीटर पुढे असेल तर हवेला पोचायला ०.७२ सेकंद लागतात, तेवढ्यात ती रस्त्यावरून ३.६ मीटर आडवी सरकते, आणि सपाट पृष्ठाच्या नेहमीच्या सूत्राने थराची जाडी साधारण ८ सेंटिमीटर निघते. ही चूक समजून जमीन स्लिप करू नका. खऱ्या रस्त्यावरही जमिनीलगतचा आडवा वारा मंदच असतो.

चाकांना काय द्यायचं?

कोनीय वेग = गाडीचा वेग ÷ त्रिज्या = २७.७८ ÷ ०.३० = ९२.६ रेडियन प्रति सेकंद, म्हणजे मिनिटाला साधारण ८८४ फेरे. इथे २८.२३ वापरू नका. ओपनफोममध्ये टायरला रोटेटिंगवॉलव्हेलॉसिटी, आरे असलेल्या रिमला एमआरएफ झोन (फिरत्या संदर्भ चौकटीत सोडवलेला भाग). टायर जिथे जमिनीला टेकतो तिथे सुरीच्या धारेसारखे सेल तयार होतात. तिथे टायर काही मिलिमीटर जमिनीत बुडवा किंवा छोटासा ओटा द्या. फिरण्याची दिशाही एकदा पाहा: टायरच्या तळाचा वेग जमिनीच्याच दिशेने हवा. अक्षाचं चिन्ह उलटं पडणं हे रोजचं आहे.

गाडीच फिरवून डोमेन सरळ ठेवलं तर सोपं नाही का?

दिसायला सोपं आहे. एकच इनलेट, एकच आउटलेट, बाजूंना स्लिप. विंड टनेलमध्येही गाडी टर्नटेबलवर फिरवतात, त्यामुळे टनेलच्या आकड्यांशी तुलना करायची असेल तर ही पद्धत योग्यच. पण किंमत मोजावी लागते. दर कोनाला नवा मेश. चार चाकांचे अक्ष आणि एमआरएफचे अक्ष दर वेळी फिरवायचे. जमिनीचा वेक्टरही फिरतो: १०.२ अंशांना हवा (२८.२३, ०, ०) असेल तर रस्ता एक्समध्ये २७.३४ आणि वायमध्ये ४.९२, चिन्ह गाडी कोणीकडे फिरवली त्यावरून. वजाबाकी करून पाहा, उरलेल्या वेक्टरची लांबी ५.० येते. शिवाय बलं निघतात ती वाऱ्याच्या अक्षात, ती गाडीच्या अक्षात बदलून घ्यायची.

आमचं मत विचाराल तर शिकणाऱ्याने हवा फिरवावी, गाडी नाही. एक मेश, पाच कोन, आणि चुकायच्या जागा कमी.

तिसरा मार्ग गोल डोमेनचा. मध्ये गाडी, भोवती वर्तुळाकार भिंत आणि तिच्यावर फ्रीस्ट्रीमव्हेलॉसिटी व फ्रीस्ट्रीमप्रेशर. कुठून हवा आत येते आणि कुठून बाहेर जाते हे सॉल्व्हर स्वतः ठरवतो. कोन बदलला तरी पॅचना (डोमेनच्या कडेच्या चेहऱ्यांना) हात लावावा लागत नाही. ऋण कोन तपासताना याचा फार फायदा होतो, नाहीतर इनलेट-आउटलेटची अदलाबदल करायची राहून जाते.

बाजूंना सायक्लिक (एका बाजूने बाहेर गेलेली हवा समोरच्या बाजूने परत आत) लावणारेही आहेत. चालतं, पण गाडीचा वेक (मागचा विस्कटलेला प्रवाह) आडोशाच्या बाजूने बाहेर पडून वाऱ्याकडच्या बाजूने परत आत येणार नाही इतकी रुंदी हवी.

डोमेन किती मोठं घ्यायचं?

पुढे २० मीटर, मागे ४० मीटर, उंची २० मीटर, रुंदी ४० मीटर. गाडी मधोमध ठेवू नका: वाऱ्याकडे १६ मीटर आणि आडोशाकडे २४ मीटर ठेवा. कारण वेक तिरका जातो. ४० मीटर मागे जाईपर्यंत १०.२ अंशांना तो ७.२ मीटर बाजूला सरकतो, २० अंशांना १४.६ मीटर, ३० अंशांना २३ मीटर. म्हणजे २० अंशांपर्यंत वेक मागच्या चेहऱ्यातून बाहेर पडतो, ३० ला मात्र थेट कोपऱ्यात जातो, आणि कोपऱ्यातून बाहेर पडणारा वेक कन्व्हर्जन्सला त्रास देतो.

ब्लॉकेज, म्हणजे डोमेनच्या छेदाचा (४० × २०) गाडीने अडवलेला भाग: २.२ ÷ ८०० = ०.२८ टक्के. यॉ असताना गाडीची बाजूही हवेपुढे येते. बाजूचं क्षेत्रफळ ६.५ चौरस मीटर धरलं तर १० अंशांना दिसणारं क्षेत्रफळ जास्तीत जास्त ३.३ च्या आसपास, तरीही ब्लॉकेज ०.४ टक्के. एक टक्क्याच्या आत राहिलात तर दुरुस्ती लावायची गरज पडत नाही.

आउटलेटवर दाब शून्य दिला, तरी बॅकफ्लो येतो. का?

बहुतेक वेळा वेक किंवा आडोशाकडचा भोवरा आउटलेटच्या फार जवळ आहे म्हणून. डोमेन वाढवा. तेवढ्यापुरता उपाय म्हणून ओपनफोममध्ये वेग, के (टर्ब्युलन्सची ऊर्जा) आणि ओमेगा (ती विझण्याचा दर) तिन्हींना इनलेटआउटलेट लावा, म्हणजे उलट आत येणाऱ्या हवेला तुम्ही ठरवलेली किंमत मिळेल. वेगाला तिथे शून्य देऊ नका, मूळ वेक्टर द्या. फ्लुएंटच्या प्रेशर आउटलेटमध्ये बॅकफ्लोची दिशा 'बाउंडरीला लंब' न ठेवता 'शेजारच्या सेलवरून' घ्या. तिरक्या प्रवाहात लंब दिशा चुकीचीच असते.

आडोशाच्या बाजूला पक्का शून्य दाब देण्यात आणखी एक खोच आहे. गाडीच्या आडोशाला कमी दाब असतो आणि तो बराच लांबवर पसरतो. भिंत जवळ असेल तर तुम्ही तो जबरदस्तीने शून्यावर आणता, आणि बाजूचं बल बदलतं. ती भिंत दीडपट दूर नेऊन बाजूच्या बलाचा गुणांक पुन्हा काढा. एका टक्क्याहून जास्त हलला तर मूळ डोमेन लहान होतं.

टर्ब्युलन्सचे आकडे कसे ठरवायचे? व्हिस्कॉसिटी रेशो (टर्ब्युलन्सची व्हिस्कॉसिटी ÷ हवेची व्हिस्कॉसिटी) १० ठेवून चालतं ना?

चालतं, फक्त इनलेटला दिलेला टर्ब्युलन्स गाडीपर्यंत पोचत नाही. के-ओमेगा एसएसटी हे टर्ब्युलन्स मॉडेल घेऊन हिशेब करू. तीव्रता १ टक्का म्हणजे के = १.५ × ०.२८२ × ०.२८२ = ०.११९. रेशो १० धरला तर ओमेगा साधारण ६६५ येतो. इतक्या ओमेगाने के वाटेतच विझतो: २० मीटरनंतर जेमतेम १.८ टक्के के उरतो, म्हणजे तीव्रता १ टक्क्यावरून ०.१३ वर.

उलट टर्ब्युलन्सच्या लांबीचं माप (भोवऱ्यांचा आकार) ०.५ मीटर घेतलं तर ओमेगा १.२६ येतो आणि तीव्रता ०.९६ टक्के टिकते, पण व्हिस्कॉसिटी रेशो ५,३०० च्या घरात जातो. एवढी घट्ट हवा भोवरे पुसून टाकते. ०.०५ मीटर हे मधलं माप घ्या: ओमेगा १२.६, गाडीपाशी तीव्रता सुमारे ०.७४ टक्के, रेशो ५३० च्या आसपास. कोणतंही घेतलंत तरी रिपोर्टमध्ये इनलेटची नव्हे, गाडीपाशी मोजलेली तीव्रता लिहा.

सोलापूरच्या हवेसाठी घनता वेगळी घ्यायची का?

बलं न्यूटनमध्ये हवी असतील तर घ्याच. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४६० मीटरवर आहे, तिथे दाब अंदाजे ९५,९०० पास्कल. मे महिन्यात ४० अंशांना घनता १.०६७ येते. पाठ्यपुस्तकातला १.२२५ तसाच ठेवला तर बलं १५ टक्के जास्त दिसतात. कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी सुमारे ०.००००१७९, रेनॉल्ड्स नंबर ६३ लाखांच्या आसपास.

ओपनफोमच्या सिंपलफोम या सॉल्व्हरमध्ये दाब मुळातच घनतेने भागलेला असतो, त्यामुळे घनता फक्त बलं काढणाऱ्या फंक्शनमध्ये लागते. गुणांकांत ती वर-खाली उडून जाते. दाबाच्या चित्राखाली मात्र 'पास्कल' लिहू नका, आधी घनतेने गुणा.

हवामान खात्याचा वाऱ्याचा आकडा थेट वापरता येतो?

तो १० मीटर उंचीवरचा असतो. गाडीची उंची दीड मीटर. मोकळ्या रानात वारा जमिनीकडे मंद होत जातो. ज्वारी काढल्यानंतर मंगळवेढ्याकडची काळी रानं उघडी पडतात, तिथे खडबडीतपणाचं माप ०.०३ मीटर धरलं तर:

उंचीवरचा वारा = १० मीटरवरचा वारा × लॉग(उंची ÷ ०.०३) ÷ लॉग(१० ÷ ०.०३)

म्हणजे १० मीटरवर ५ मीटर प्रति सेकंद असलेला वारा दीड मीटरवर ३.४ आणि अर्ध्या मीटरवर २.४. गाडीच्या टपापाशी यॉ कोन ६.९ अंश, बंपरपाशी ५ अंश. उंचीप्रमाणे कोनच पिळवटतो. रानात पुरुषभर ज्वारी उभी असेल तर खालचा वारा आणखी पडतो.

ओपनफोममध्ये वातावरणाच्या थरासाठी तयार इनलेट कंडिशन आहे, ती इथे लावू नका. ती पूर्ण वेक्टरला हा उतार लावते, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या २७.७८ लाही. गाडीच्या वेगाला उंचीचा उतार नसतो. उतार फक्त खऱ्या वाऱ्याच्या घटकाला लावा आणि त्यात गाडीचा वेग मागाहून मिळवा. कोडेड फिक्स्डव्हॅल्यू किंवा फ्लुएंटमधलं एक्स्प्रेशन यासाठी पुरतं. ०.०३ मीटरच्या खाली लॉग ऋण होतो, तिथे शून्य टाका. पहिल्या प्रोजेक्टला मात्र एकसारखाच वारा ठेवा. हा उतार नंतर चढवा.

सगळं बरोबर लागलंय हे गाडी टाकण्याआधी कळेल का?

कळेल. गाडी काढून रिकामं डोमेन चालवा. जाड मेशवर हे काम थोड्या वेळात होतं, आणि हीच पायरी सगळे टाळतात. गाडीचं नाक जिथे येणार तिथे जमिनीपासून २ मीटरपर्यंत एक उभी रेघ मारा आणि तिच्यावर वेगाचे घटक वाचा. जमिनीलगतचा थर सोडून कोन १०.२ अंशांच्या आजूबाजूला, म्हणजे ०.१ च्या फरकाने, यायला हवा. वेग २८.२३, दाब जवळपास शून्य आणि सपाट, आणि टर्ब्युलन्सची तीव्रता हिशेबाप्रमाणे. कोन कमी आला तर बाजूची एखादी भिंत बंद आहे. दाब तिरका चढत गेला तर दोन इनलेटचे वेक्टर वेगळे आहेत. वाऱ्याचा उतार दिला असेल तर तो इनलेटपासून गाडीपर्यंत टिकतो का, तेही इथेच दिसतं.

मेशमध्ये काय बदलायचं?

वेकसाठी घेतलेला बारीक सेलचा डबा सरळ मागे न ठेवता आडोशाकडे वळवा. आडोशाकडच्या ए-पिलरवरून (पुढच्या काचेच्या कडेच्या खांबावरून) सुटणारा भोवरा बाजूच्या काचेवरून मागे जातो, ती पट्टी बारीक हवी. वॉल फंक्शन (भिंतीलगतचा थर सूत्राने भागवणारी पद्धत) वापरत असाल तर वाय-प्लस (भिंतीपासूनचं एककरहित अंतर) ५० साठी पहिल्या सेलची उंची साधारण १.६ मिलिमीटर. गाडीच्या आडोशाला वेग पडतो तिथे वाय-प्लसही पडतो, तेव्हा सरासरी न पाहता नकाशा पाहा. रॅमचा ढोबळ अंदाज: १० लाख सेलला १ ते २ जीबी, मेश बनवताना त्याहून जास्त.

ड्रॅगचा आकडा टनेलशी जुळत नाही. कुठे शोधू?

आधी तीन गोष्टी. पहिली, अक्ष. हवा फिरवली असेल तर ड्रॅगची दिशा (१, ०, ०) ठेवल्यावर गाडीच्या अक्षातला ड्रॅग मिळतो आणि गाडीच्या इंजिनाला तोच लागतो. ती दिशा वाऱ्याबरोबर फिरवली की त्यात बाजूच्या बलाचा तुकडा मिसळतो आणि आकडा फुगतो.

दुसरी, भागायचा वेग. गुणांक काढताना एकत्रित वेग घेतला की गाडीचा, यावर १०.२ अंशांना ३.२ टक्के आणि २० अंशांना १३ टक्के फरक पडतो. टनेलमध्ये झोताचा, म्हणजे एकत्रित वेग घेतात.

तिसरी, क्षेत्रफळ. यॉ कितीही असो, संदर्भ क्षेत्रफळ सरळ समोरून दिसणारं २.२ च, बाजूच्या बलालाही तेच. मोमेंटसाठी लांबी व्हीलबेसची आणि केंद्र जमिनीवर, व्हीलबेस व ट्रॅक यांच्या मध्यावर. एसएई जे१५९४ या मानकात हीच परिभाषा आहे.

तुलनेसाठी स्वतःच्या कॅड मॉडेलऐवजी अहमद बॉडी (गाडीसारखा साधा ठोकळा) घेऊन सुरुवात करा: १०४४ × ३८९ × २८८ मिलिमीटर, १९८४ पासून सगळ्यांच्या ओळखीची. खरी गाडी हवी असेल तर म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाची ड्रायव्हएअर. तिची भूमिती खुली आहे.

उत्तर पटण्यासारखं आहे का, हे कसं ओळखू?

शून्य अंशाला बाजूचं बल जवळपास शून्य हवं. अधिक १० आणि उणे १० अंशांना ते समान आणि विरुद्ध हवं. सायलेन्सर आणि गाडीखालच्या नळ्यांमुळे थोडा फरक राहतो, तेवढा चालतो. कोनाबरोबर लिफ्ट वाढते, आणि साध्या कारचा यॉ मोमेंट नाक वाऱ्यापासून दूर ढकलतो, कारण बाजूच्या दाबाचं केंद्र व्हीलबेसच्या मध्यापुढे असतं. चिन्ह उलटं आलं तर अक्ष तपासा. १० अंशांना बाजूच्या बलाचा गुणांक ०.४ आला तर सोलापूरच्या हवेत बल साधारण ३७४ न्यूटन, म्हणजे ३८ किलो वजनाइतकं. गुणांक ०.०५ किंवा ३ आला तर वरचे प्रश्न पुन्हा वाचा.

रेसिड्युअल (समीकरणांत उरलेली चूक) खाली येतच नाहीत, गुणांक हेलकावे खातो.

१५ अंशांच्या पुढे आडोशाचा प्रवाह सुटतो आणि तो मुळातच स्थिर नसतो. हेलकावे एकसारखे असतील तर शेवटच्या ५०० ते १,००० आवर्तनांची सरासरी चालेल, पण ती सरासरी आहे असं लिहा. त्याहून अचूक हवं असेल तर डीडीईएस (मोठे भोवरे वेळेप्रमाणे सोडवणारी पद्धत). हवेला गाडीची लांबी ओलांडायला ०.१४ सेकंद लागतो. सुरुवातीचा काळ टाकून देऊन अशा २०–३० फेऱ्यांची, म्हणजे ३ ते ४ सेकंदांची सरासरी घ्या. ५ मिलिमीटरच्या सेलला ०.०००२ सेकंदाचा टाइमस्टेप ठीक.

पुलावर गाडीला अचानक धक्का बसतो, तो यात येतो का?

नाही. लांबोटीजवळ सीना नदीच्या पुलावर गाडी आडोशातून उघड्यावर येते तेव्हा यॉ कोन एका क्षणात बदलतो, आणि इथली स्थिर मांडणी त्याचा फक्त शेवटचा मुक्काम दाखवते. धक्का हवा असेल तर ट्रान्झियंट सॉल्व्हर घ्या. वाऱ्याकडच्या आणि समोरच्या इनलेटवर आडवा घटक वेळेप्रमाणे ० वरून ५ वर न्या, एकदम नाही तर ०.१ सेकंदभर चढवत. दोन्ही इनलेट एकाच क्षणी बदलले तर न दाबल्या जाणाऱ्या हवेत सगळ्या डोमेनला एकदम हिसका बसतो आणि दाबाचा खोटा उंचवटा दिसतो. ते टाळायचं तर समोरच्या इनलेटवर आधी बदल करा, आणि बाजूच्या इनलेटवर तो एक्सच्या अंतराप्रमाणे २७.७८ मीटर प्रति सेकंदाने मागे सरकवत न्या. नाकाला वारा लागलेला आणि शेपूट अजून आडोशात, ही स्थिती तेव्हाच दिसते, आणि यॉ मोमेंटचा शिखराचा आकडा बहुधा तिथेच असतो.